पातेल्यातली मासळी आणि पुस्तकातली मासळी

मराठी समीक्षेने स्वयंपाकघराची दखल फारशी घेतलेली नाही. पाककृतींची पुस्तके खपतात, लग्नात भेट दिली जातात, त्यांच्या आवृत्त्यांवर आवृत्त्या निघतात. पण वाङ्मय म्हणून त्यांच्याकडे पाहावे असे सहसा कुणाला वाटत नाही. वास्तविक पाककृती हा एक लेखनप्रकार आहे. त्याला निवेदक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो, काय सांगायचे आणि काय गाळायचे याची निवड असते. ती निवड तपासली की लिहिणाऱ्या समाजाचा चेहरा दिसतो आणि ज्यांना वगळले त्यांचीही जागा कळते. प्रस्तुत लेखात ही तपासणी घरगुती मासळीच्या जेवणापुरती करावयाची आहे. कोकण किनाऱ्यावरच्या मुसलमान घरांत मासळी हे सणाचे नव्हे, रोजचे अन्न आहे. तरीही मराठी पाकशास्त्राच्या प्रसिद्ध पुस्तकांत या घरांची चूल दिसत नाही. आणि याहून खेदाची गोष्ट म्हणजे आपल्या मुस्लिम मराठी साहित्यातही ती क्वचितच पेटलेली दिसते.

छापील मराठी पाकशास्त्रात मासळी उशिरा आली असे मात्र नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ हे पुस्तक १९१० साली प्रसिद्ध झाले. लेखिका पाठारे प्रभू समाजातल्या, आणि या समाजाच्या ताटात मासळीला मानाचे स्थान. त्यामुळे मराठीतल्या या सुरुवातीच्या मोठ्या ग्रंथातच मांसमच्छीला जागा मिळाली. पुढे १९४३ मध्ये सारस्वत महिला समाजाने ‘रसचंद्रिका’ काढली. १९७० मध्ये कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ आली आणि वाटी-चमच्याचे सोपे प्रमाण मध्यमवर्गीय घराघरांत पोहोचले. ही पुस्तके लिहिणाऱ्या बायकांनी प्रामुख्याने आपापल्या घरचे, आपापल्या जातीतले जेवण लिहिले. त्यात काही गैर नाही. आपल्या घरचे आपणच लिहायचे असते. अडचण पुढे होते. ज्यांना छापता आले त्यांच्या जेवणाची बेरीज म्हणजे ‘महाराष्ट्रीय स्वयंपाक’ असा समज रूढ झाला आणि उरलेल्यांच्या चुली ‘इतर’ या सदरात गेल्या. मुसलमानांच्या वाट्याला त्या सदरातही बिर्याणी, खिमा आणि कबाब एवढेच आले.

या समजाला धक्का देणारे काम दलित चळवळीशी नाते सांगणाऱ्या लेखकांनी आणि संशोधकांनी केले. पुणे विद्यापीठाच्या स्त्री-अभ्यास केंद्रातून २००९ साली दलितांच्या अन्नस्मृतींवर ‘इझन्ट धिस प्लेट इंडियन?’ ही पुस्तिका निघाली. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ आले. मराठवाड्यातल्या महार आणि मांग घरांतले पदार्थ त्यांनी मराठीत नोंदवले आणि त्या नोंदीतून जातीचा, टंचाईचा, अपमानाचा इतिहास उभा केला. ‘पूर्णब्रह्म’ म्हणणाऱ्यांना ‘अपूर्णब्रह्म’ या एका शब्दात उत्तर मिळाले. या पुस्तकाने एक गोष्ट सिद्ध केली: पाककृती हा दस्तऐवज होऊ शकतो. मग कोकणी मुसलमानांच्या मासळीचा असा दस्तऐवज मराठीत का झाला नाही, हा प्रश्न आपण इतरांना विचारण्याआधी स्वतःला विचारला पाहिजे.

याचे एक कारण भाषेत आहे. रत्नागिरी-रायगडच्या पुष्कळ मुसलमान गावांत मुलींचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. घरातली बोली मात्र कोकणी. चुलीपाशी जे बोलले जाते ते त्या बोलीत आणि वहीत जे लिहिले जाते ते उर्दूत. उर्दूतल्या ‘दस्तरख्वान’छापाच्या पुस्तकांत लखनौ, दिल्ली, हैदराबाद यांचा कोर्मा आणि पुलाव असतो, मासळी असलीच तर ती बहुतांशी नदीची. दापोलीच्या मुलीला त्यात बोंबील सापडत नाही, आमसूल सापडत नाही, सोडे आणि जवळा तर नाहीच. मराठी पुस्तकात मासळी सापडते, पण स्वतःचे घर सापडत नाही. या दोन्हींच्या मध्ये राहून गेलेला जो स्वयंपाक, तो तोंडी चालत आला. आईने सांगितला, सासूने सुधारला, नणंदेने नावे ठेवली, आणि असा तो टिकला. तोंडी परंपरेची ही ताकद आहे; पण सांगणारी बाई गेली की ती परंपरा तिच्याबरोबर जाते, हेही तितकेच खरे.

आता पुस्तकातल्या पाककृतीची भाषा पाहू. कोळंबी सोलून, स्वच्छ धुऊन घ्यावी. हळद-मीठ लावून बाजूला ठेवावी. घ्यावी, ठेवावी, परतावे, उतरवावे. हे विध्यर्थी क्रियापद मराठी पाकशास्त्राचा कणा आहे. या वाक्यरचनेत कर्ता नाही. कोळंबी कुणी आणली, कुणी सोलली, पाठीवरचा काळा धागा काढताना किती वेळ गेला, याला त्या वाक्यात जागाच नाही. ओल्या बोंबलाच्या अंगात पाणी फार. तो चिरून, मीठ लावून, वर वजन ठेवून निथळावा लागतो, नाहीतर तव्यावर त्याचा नुसता लगदा होतो. तिसऱ्या विळीवर एकेक उघडाव्या लागतात. मांदेलीसारखी बारीक मासळी साफ करताना पाठ मोडते. हे सगळे पुस्तकात ‘साफ करून घ्यावी’ या तीन शब्दांत आटोपते. पुस्तकातला वेळ चूल पेटल्यावर सुरू होतो. बाईचा वेळ त्याआधीच, मासळी दारात आल्यापासून सुरू झालेला असतो.

घरातली पाककृती वेगळ्या व्याकरणात चालते. ती कुणाला तरी उद्देशून असते आणि तिच्यात ‘नको’ फार असतात. नारळाचे दूध घातलेस की मोठी उकळी येऊ देऊ नको, फाटेल. मासळी सोडल्यावर डाव फिरवू नको, टोप धरून हलव. आमसुले आधीच टाकून ठेवू नको. प्रत्येक ‘नको’मागे कारण आहे. मासळीचे मांस नाजूक, ते मटणासारखे डावाचा मार सोसत नाही. आंबटाने मासळीचा उग्र वास दबतो, पण आमसूल जास्त वेळ उकळले की सगळे कालवण आंबट होऊन बसते. ही कारणे कुणी सांगत नाही; ती हाताला माहीत असतात. पुस्तक ‘काय करावे’ सांगते, आई ‘काय बिघडते’ ते सांगते. समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर पहिल्याचा निवेदक सर्वज्ञ आहे आणि दुसरीची निवेदक अनुभवी आहे. आपल्या बायकांच्या तोंडी असलेले हे ‘नको’चे गद्य आजवर मराठीत उतरलेले नाही.

दुसरा फरक हिशेबाचा. छापील पाककृती चार माणसांसाठी असते. आपल्या घरांत चार माणसे कधी जेवायला बसत होती? सहा बांगडे आणि दहा-बारा माणसे असतील तर करायचे काय, याचे उत्तर घरच्या बाईने फार पूर्वी शोधून ठेवले आहे. कोळंबीत शेवग्याच्या शेंगा पडतात, सुक्या बोंबलात वांगे-बटाटे पडतात, जवळा कांद्याने वाढतो, बांगड्याच्या कालवणात कैरीच्या फोडी पडतात. पदार्थाचे सौंदर्य आणि घराची ओढाताण इथे एकाच टोपात शिजलेली असते. कैरी चवीसाठी की भरीसाठी, हे वेगळे काढता येत नाही आणि काढूही नये. उन्हाळ्यात आगोटीची बेगमी करून ठेवलेले सुके बोंबील, सोडे, जवळा पावसाळ्यात उपयोगी येतात. जून-जुलैत मासेमारी बंद असते, समुद्र खवळलेला असतो, तेव्हा घर या सुक्या मासळीवर आणि वालाच्या बिरड्यावर निघते. कोणत्या महिन्यात काय शिजते यावरून त्या घराचे अर्थशास्त्र लिहिता येईल.

याच्या उलट चित्र शहरातल्या हॉटेलांनी उभे केले आहे. तिथे माशाची थाळी म्हणजे माणशी एक अख्खे पापलेट किंवा सुरमईचा जाड तुकडा, रव्यात घोळवून तळलेला. २०२३ साली महाराष्ट्र शासनाने पापलेटला राज्य मासा म्हणून घोषित केले. त्याचा सन्मान झाला हे चांगलेच. त्याच्या रक्षणाचीही गरज आहे. पण साध्या कुटुंबाच्या रोजच्या ताटातून पापलेट कधीच उठून गेले आहे, हेही नोंदवले पाहिजे. घर चालते ते बांगडा, मांदेली, तारली, ढोमी, जवळा यांच्यावर. हॉटेलच्या थाळीवरून कोकणी जेवणाविषयी लिहिणे म्हणजे लग्नाच्या फोटोवरून संसाराविषयी लिहिण्यासारखे आहे. आपल्याकडच्या खाद्यलेखनाचा बराच भाग या दोषाने ग्रासलेला आहे.

घरच्या जेवणाचे कौतुक करताना दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. मासळीचे वाटप हा घरातल्या सत्तेचा नकाशा असतो. मधला तुकडा कुणाला, डोके कुणाला, शेपटीकडचा काटेरी तुकडा कुणाला, हे ठरलेले असते. पुरुष आणि मुले आधी जेवतात. बायकांच्या वाट्याला पुष्कळदा टोपाच्या तळाशी राहिलेले कालवण आणि भाकरी येते. शिळे कालवण दुसऱ्या दिवशी अधिक चांगले लागते असे सगळ्याच घरांत म्हणतात. ते खरेही आहे, मसाला मुरतो. पण ज्या बाईला ताजे मिळाले नाही तिच्या समजुतीसाठीही ते म्हटले गेले नसेल कशावरून? ज्यांनी आईच्या हातच्या चवीवर भावुक लेख लिहिले त्यांनी आई काय जेवली, हे सहसा लिहिले नाही.

आता या मासळीच्या एका खास वैशिष्ट्याकडे वळू. मटणाच्या बाबतीत मुसलमान घरात दुकान कुणाचे, जिब्ह कुणी केले, हे प्रश्न असतात. मासळीला हे प्रश्न लागत नाहीत. सूरह माइदाच्या ९६व्या आयतीत समुद्रातली शिकार हलाल ठरवली आहे आणि मासळीला जिब्ह करावे लागत नाही, यावर चारही सुन्नी मजहबांचे एकमत आहे. याचा सामाजिक अर्थ मोठा आहे. कोळणीच्या पाटीतली मासळी सरळ मुसलमानाच्या टोपात जाते. मध्ये कुणी मध्यस्थ नाही, शंका नाही. कल्ले उघडून लाल आहेत का पाहणे, डोळे स्वच्छ आहेत का पाहणे, भाव पाडणे, रागावणे, उद्या ये म्हणून सांगणे, हा सगळा व्यवहार दोन बायका आपल्या बोलीत करतात. आणि मासेमारी हा केवळ हिंदू कोळ्यांचा धंदा असेही नाही. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या रत्नागिरीच्या गॅझेटिअरात दालदी या मुसलमान मच्छीमार समाजाची नोंद आहे. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर आजही मुसलमान मच्छीमारांची मोठी वस्ती आहे. जाळे टाकणारा, विकणारी आणि शिजवणारी यांच्या धर्मांची सरमिसळ या एका पदार्थात जितकी आहे तितकी दुसऱ्या पदार्थात क्वचितच असेल.

मुसलमानांच्या आतले वैविध्यही मासळीच सांगते. कोकणी मुसलमान बहुतांश शाफई. घाटावरचे मुसलमान बहुतांश हनफी. शाफई मत समुद्रातल्या जीवांच्या बाबतीत सैल आहे. हनफी मताने पाण्यातला फक्त मासा खावा. मग कोळंबी हा मासा की नाही, यावर हनफी उलेमांमध्ये जुना वाद आहे. खेकडा आणि तिसऱ्या हनफी घरांत चालत नाहीत. खेकड्याबद्दल तर शाफईंमध्येही मतभेद आहेत. आता सोलापूरची मुलगी श्रीवर्धनला सून म्हणून गेली असे समजा. तिला उजनी धरणातली चिलापी माहीत, चिंच आणि शेंगदाण्याच्या कुटाचे कालवण माहीत. सासरी पहिल्या आठवड्यात तिच्यापुढे तिसऱ्या येतात. तिने काय करावे? खाल्ल्या तर माहेरचा मजहब, नाही खाल्ल्या तर सासरचा मान. या एका ताटात कादंबरीचा ऐवज आहे. मुसलमान म्हणजे एकसाची समाज ही बाहेरची समजूत मोडण्यासाठी आपण भाषणे पुष्कळ केली. असे एक ताट लिहिले असते तर अधिक काम झाले असते.

म्हणून आता आपल्या साहित्याविषयी. हमीद दलवाई यांच्या ‘इंधन’मुळे १९६५ साली कोकणातले मुसलमान गाव मराठी कादंबरीत ठळकपणे आले. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले. तेव्हापासून आपण ओळख, दंगली, तलाक, शिक्षण, दारिद्र्य यांवर सातत्याने लिहीत आलो आणि ते आवश्यकच होते. परंतु आपल्या कथाकवितांत जेवणाचा प्रसंग आला की ताटात काय असते? ईद असेल तर शीरखुर्मा, लग्न असेल तर बिर्याणी, दारिद्र्य असेल तर रिकामे ताट. जे बाहेरच्या वाचकाला ‘मुस्लिम’ म्हणून ओळखू येईल तेच आपण वाढतो. मंगळवारी दुपारी शिजलेले बांगड्याचे कालवण आपण लिहीत नाही, कारण ते पुरेसे मुस्लिम वाटत नाही. थोडक्यात, बाहेरच्यांनी केलेली आपली प्रतिमा आपणही आतून जपत आलो.

यावर कुणी म्हणेल, मासळी-भाताविषयी लिहिले की आपले मराठीपण सिद्ध होईल. या भूमिकेशी मी सहमत नाही. ‘आम्हीही तुमच्यासारखेच जेवतो’ असे सांगण्यासाठी लिहिलेली पाककृती ही अर्जाला जोडलेल्या दाखल्यासारखी असते. तिच्यात चव उरत नाही. दाखला मागणारा एका दाखल्यावर समाधान मानत नाही, हा अनुभव आपल्याला नवा नाही. आणि घरात शिजलेले अन्न पुरावा म्हणून मांडायला लागलो की त्यातले जे शेजाऱ्यापेक्षा वेगळे आहे ते आपण लपवू लागतो. सांदण हा शब्द शेजाऱ्याचाही आहे, सालन हा आपला आहे. कुणाकडे कालवण, कुणाकडे आमटी, कुणाकडे सालन. हे तिन्ही शब्द एका गल्लीत नांदतात, तर ते तिन्ही मराठीच्या कोशात नांदू द्यावेत. त्यांच्यापैकी एकाने दुसऱ्यासाठी माफी मागण्याचे कारण नाही.

लिहिण्याचे खरे कारण निराळे आहे. शब्द जात आहेत. गेली कित्येक दशके कोकणातले पुरुष आखातात कमावतात, कुटुंबेही गेली. तिथे पापलेटला जुबैदी म्हणतात, सुरमईला कनद. तिथे वाढलेल्या मुलाला ही नावे येतात, मुडदुशी आणि शिंगाळा येत नाहीत. मुंबईत वाढलेल्या मुलाला तर सगळेच ‘फिश’. मोबाइलवरच्या चित्रफितींत आपल्या बायका आता पाककृती सांगू लागल्या आहेत, ही स्वागतार्ह गोष्ट आहे. शेकडो वर्षांत प्रथमच त्या घराबाहेर ऐकू येत आहेत. पण जास्त लोकांना कळावे म्हणून त्या पुष्कळदा हिंदीत बोलतात आणि बोलीतले शब्द गाळतात. ‘टोप धरून हलव’ हे वाक्य हिंदीत गेले की त्यातली कृती राहते, आईचा आवाज जातो.

यासाठी मोठ्या प्रकल्पाची वाट पाहण्याची गरज नाही. आपल्या वार्षिकांकांनी दरवर्षी चार-सहा पाने एका घराच्या मासळीसाठी राखून ठेवावीत. सांगणारीच्या बोलीत, तिच्या ‘नको’सकट, मासळी कुठून आली, कितीला मिळाली, किती जणांत वाटली, शेवटी कोण जेवले, हे सगळे घेऊन. लिहिणाऱ्याने त्यात ‘घ्यावे’, ‘ठेवावे’ घालून ते शुद्ध करू नये. प्रमाण वाटीत सांगता येत नसेल तर मुठीत सांगू द्यावे. मुरुड, दापोली, राजापूर, तसेच उजनीकाठ आणि गोदाकाठ, या प्रत्येक ठिकाणची पाने वेगळी निघतील. दहा वर्षांत त्याचे जे पुस्तक होईल ते पाकशास्त्राच्या कपाटात ठेवावे की कथेच्या, असा प्रश्न ग्रंथपालाला पडला तर काम नीट झाले असे समजावे. सांगणाऱ्या बायका अजून आहेत. त्यांच्यातल्या पुष्कळ जणी सत्तरीच्या पुढे आहेत, म्हणून हे काम पुढच्या अंकावर टाकू नये.